जोराने दाबून नायक पळत नाही

करंजा-रेवस लाँचमध्ये मोबाइलवर साहसी गेम खेळताना नायक हलेना, की मुलं अंगठा आणखी जोरात दाबतात. जोर लावला की पडद्याला कळतं, हा समज चुकीचा असला तरी निराधार नाही. जुन्या स्पर्शपडद्यांना खरोखरच दाब लागे.

२००४ साली आलेल्या निन्टेन्डो डीएस या हातातल्या गेमयंत्राचा पडदा रेझिस्टिव्ह (दाबाने चालणारा) होता. कार्बन पेपरसारखंच, वरचा थर खालच्याला टेकेल तिथे खूण. म्हणून त्यावर प्लास्टिकची काडीही चाले. ‘द लेजंड ऑफ झेल्डा: फँटम अवरग्लास’ (२००७) मध्ये तर काडीने सागरी नकाशावर रेघ ओढली, की जहाज त्याच वाटेने निघे. दर्यावर वाढलेल्या कुणालाही आवडावी अशी ही कल्पना!

आजच्या मोबाइलचा पडदा कपॅसिटिव्ह (विद्युतभारातला बदल ओळखणारा) असतो. काचेखाली क्षीण विद्युतक्षेत्र असतं आणि वीजवाहक बोट टेकलं की ते तिथे बदलतं. दाबाचा त्यात संबंध नाही. खारं पाणीही वीजवाहक असल्याने काचेवर तुषार उडाले, की बोट कुठलं आणि थेंब कुठला हे पडद्याला कळेनासं होतं. अशा वेळी काच आणि बोटं कोरड्या फडक्याने पुसावीत. मग हलका स्पर्श पुरतो.