पहिला गेमिंग कॉम्प्युटर : राशीच्या तळाशी हात घालून

2024 ची रमजान ईद झाली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या मुलाने ईदीचा डबा आमच्यासमोर आणून ठेवला. तीन वर्षांची साठवण, 9,400 रुपये. दहावीची परीक्षा देऊन तो मोकळा झाला होता. "अम्मी, अब्बा, बाकीचे तुम्ही घाला. मला गेमिंगचा कॉम्प्युटर बनवायचा आहे."

आमच्या तोंडावर नकारच होता. गेम म्हणजे वेळेची नासाडी, नमाज चुकणार, अभ्यास बुडणार. पण मगरिबनंतर तो मित्राकडे म्हणून जायचा आणि गेमिंग कॅफेत बसायचा, हेही आम्हाला कळले होते. तिथे तो काय खेळतो, कोणाबरोबर खेळतो, याची आम्हाला काहीच खबर नव्हती. म्हणून दोन दिवस विचार करून आम्ही होकार दिला. अटी तीन: कॉम्प्युटर हॉलमध्ये राहील, खर्च 50,000 रुपयांच्या पुढे जाणार नाही आणि एक रुपयाही व्याजाने घ्यायचा नाही.

बिनव्याजी हप्त्याचे कोडे

तिसऱ्या अटीवर त्याने लगेच मोबाइल दाखवला. "अब्बा, हे नो कॉस्ट ईएमआय आहे. यात व्याज नसतेच." आम्ही अटी शेवटपर्यंत वाचल्या. क्रेडिट कार्डावरच्या अशा योजनेत बँक सहसा व्याज लावतेच. तेवढी सूट किमतीत आधी दिलेली असते, म्हणून ते आपल्याला दिसत नाही. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटीही भरावा लागतो. शून्य टक्के व्याज असे प्रत्यक्षात काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावले होते. ज्यांना असा हप्ता घ्यायचा असेल त्यांनी आधी आपल्या आलिमांना विचारावे. आम्ही रोखीने घ्यायचे ठरवले आणि दीड महिना थांबलो. त्या दीड महिन्यातच आम्ही खरे शिकलो.

वरून कोरडे, आतून ओले

पहिले कोटेशन घराजवळच्या एका दुकानातून आणले. "आय फाइव्ह प्रोसेसर, 16 जीबी रॅम, 2 जीबी ग्राफिक कार्ड", वर काचेचे कॅबिनेट आणि त्यात रंग बदलणारे चार पंखे. किंमत आमच्या बजेटच्या बरीच खाली. मुलगा खूश. मुलीने मात्र विचारले, "कोणता आय फाइव्ह?"

दुकानदाराने बराच वेळ टाळून मॉडेल नंबर सांगितला तेव्हा खुलासा झाला. इंटेलच्या या नंबरात सुरुवातीचे आकडे पिढी सांगतात. 12400 म्हणजे बारावी पिढी, 3470 म्हणजे तिसरी. आम्हाला देऊ केलेला तिसऱ्या पिढीचा होता, म्हणजे 2012 सालचा. आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. ग्राफिक कार्ड होते जीटी 730, तेही 2014 सालचे. वीजपुरवठ्याच्या डब्यावर, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात, कंपनीचे धड नावही नव्हते.

त्या रात्री जेवताना आम्ही मुलांना ती हदीस सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. ओला माल वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावले. मुलगा म्हणाला, "म्हणजे काचेचे कॅबिनेट हे वरचे कोरडे धान्य." आम्ही म्हटले, "बरोबर. आता यादी तू कर, पण प्रत्येक वस्तूच्या तळाशी हात घालून."

यादी कशी ठरली

आधी त्याने लिहिले की खेळायचे काय आहे: व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट आणि जमल्यास जीटीए फाइव्ह. या खेळांना लगेच महागडे ग्राफिक कार्ड लागत नाही, हे कळताच निम्मी चिंता मिटली.

प्रोसेसर घेतला एएमडी रायझन 5 5600जी. सहा कोअर, आणि ग्राफिक आतच. नावातले अक्षर महत्त्वाचे. याच मालिकेतल्या नुसत्या 5600 मध्ये ग्राफिक नसते, इंटेलच्या ज्या नंबराला शेवटी एफ असते त्यातही नसते. असा प्रोसेसर स्वस्त पडला म्हणून घेतला, तर वेगळे कार्ड लावेपर्यंत मॉनिटरवर काहीच दिसणार नाही.

मदरबोर्ड बी 450 चिपसेटचा. बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर त्याचे बायोस अद्ययावत केल्याशिवाय 5000 मालिकेचा प्रोसेसर चालू होत नाही. खोक्यावर तसे छापलेले असते, नसेल तर दुकानदाराकडून तिथेच करून घ्यावे.

रॅम 16 जीबी, पण 8 जीबीच्या दोन पट्ट्या. प्रोसेसरमधले ग्राफिक हीच रॅम वापरते. रेशनच्या दुकानात एकाऐवजी दोन खिडक्या उघडल्या की रांग भरभर सरते, तसेच इथे होते. एकच 16 ची पट्टी लावली तर गेम अडखळतात. बोर्ड डीडीआर 4 चा असेल तर रॅमही डीडीआर 4 च घ्यावी, डीडीआर 5 त्यात बसतच नाही.

एसएमपीएस 550 वॅटचा, 80 प्लस ब्राँझ प्रमाणपत्राचा. इथे काटकसर करू नये. हा डबा बिघडला तर बाकीचे भागही सोबत नेऊ शकतो. शिवाय पुढे मध्यम ग्राफिक कार्ड लावले तरी तो पुरेल.

त्यानंतर 500 जीबीची एनव्हीएमई एसएसडी, 24 इंची मॉनिटर आणि एक छोटा यूपीएस. कॅबिनेट साधे, पण समोर जाळी आणि धूळ अडवणारा फिल्टर असलेले. करंजाड्यात तेव्हा चहूबाजूंनी इमारतींची कामे चालू होती, पलीकडे विमानतळाचे. सकाळी पुसलेली खिडकी संध्याकाळी पांढरी व्हायची. रंगीत पंखे मुलाने स्वतःच यादीतून खोडले. कीबोर्ड आणि माउस मामूंकडचे जुने मिळाले.

लॅमिंग्टन रोड

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही पनवेलहून लोकलने कुर्ला, दादर करत ग्रँट रोडला उतरलो. स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, मुंबईतला कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा जुना बाजार. चार दुकानांत तीच यादी दाखवली, चार वेगळे भाव मिळाले. एका ठिकाणी "बिल नको असेल तर अजून कमी करतो" अशी सूचना आली. बिल नसले तर वॉरंटी मागायला जायचे कोणत्या तोंडाने? आणि सरकारचा कर बुडवण्यात आपणही भागीदार होतो. आम्ही पक्के बिल घेतले, त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घेतला, सीलबंद खोकी तिथेच उघडून नंबर जुळवले.

एका दुकानदाराने विंडोज फुकट टाकून देतो म्हटले. चोरीचे सॉफ्टवेअर ही चोरीच. आम्ही अधिकृत लायसन्स घेतले. ज्यांना तो खर्च झेपत नाही त्यांनी मोफत मिळणारे लिनक्स घालावे, मात्र व्हॅलोरंटसारखे काही खेळ त्यावर चालत नाहीत. सगळे मिळून खर्च 49,000 च्या आत बसला.

जोडणी

रविवारी जोहरनंतर हॉलमध्ये चादर अंथरली. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून दोघे भावंडे अधूनमधून कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावत होती. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला की तो आपल्या वजनानेच बसतो, दाबायचे नसते. असरपर्यंत सगळे लागले. बटण दाबले, पंखा फिरला, पण पडदा काळाच. मुलाचा चेहरा उतरला. आमच्याही पोटात गोळा आला. 49,000 रुपये समोर पडलेले, आणि दुकानदाराला दोष द्यायलाही जागा नाही.

"आधी नमाज पढू," आम्ही म्हटले. परत येऊन मुलीने सगळे पुन्हा एकेक तपासले. रॅमची एक पट्टी पूर्ण बसलीच नव्हती. दोन्ही बाजूंनी दाबली, टक् असा आवाज आला, आणि पडद्यावर अक्षरे उमटली.

आता रात्री इशाच्या अजानला कॉम्प्युटर बंद होतो. रोज होतोच असे नाही, कधी दोनदा सांगावे लागते. पण गेमिंग कॅफे सुटले. तो कोणाशी खेळतो ते आम्हाला ऐकू येते. मुलगी त्याच कॉम्प्युटरवर कॉलेजचे प्रोजेक्ट करते. मदरबोर्डवरची ग्राफिक कार्डची जागा अजून रिकामी आहे. मुलाने डब्यात पुन्हा ईदी टाकायला सुरुवात केली आहे. मध्यंतरी एका मित्राला तो फोनवर सांगताना ऐकला, "लाइट बघू नकोस रे, आधी मॉडेल नंबर विचार."

पालकांनो, मुलाने असा हट्ट धरला तर नुसते नाही म्हणू नका आणि नुसते पैसेही देऊ नका. यादी त्याला करू द्या, आणि बाजारात त्याच्या सोबत जा.