भिंतीतली भुकटी आणि गोळीतली भुकटी : सेल्युलोज इथरविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

टाइल चिकटवण्याचे तयार मिश्रण, भिंतीची पुट्टी, मधुमेहाची दिवसातून एकदाच घ्यायची गोळी, शाकाहारी कॅप्सूल आणि डोळ्यांतील कोरडेपणावरचे थेंब या सर्वांत ‘हायड्रॉक्सिप्रोपिल मिथाइल सेल्युलोज’ म्हणजेच ‘एचपीएमसी’ हा पदार्थ आढळतो. औषधांच्या वेष्टनावर त्याचे नाव ‘हायप्रोमेलोज’ असे छापलेले असते. सिमेंटात पडणारा पदार्थ पोटातही जातो हे कळल्यावर सहसा दोन परस्परविरोधी समजुती निर्माण होतात : औषधांत बांधकामाचे रसायन मिसळले जाते अशी एक आणि पदार्थ वनस्पतिजन्य असल्यामुळे त्याचा कोणताही प्रकार कुठेही वापरला तरी चालतो अशी दुसरी. या दोन्ही समजुती निराधार आहेत.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायां यांनी 1838 मध्ये वनस्पतींच्या पेशीभित्तिकांतून वेगळे केलेले सेल्युलोज ही ग्लुकोजच्या एककांची लांब साखळी असते आणि प्रत्येक एककावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. या गटांमुळे शेजारच्या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट धरून ठेवतात, की कापूस पाण्यात भिजतो पण विरघळत नाही. लाकडाचा शुद्ध लगदा किंवा सरकीवर उरलेले कापसाचे आखूड तंतू कॉस्टिक सोड्यात फुगवून त्यांची मिथाइल क्लोराइड आणि प्रॉपिलीन ऑक्साइड यांच्याशी अभिक्रिया घडवली, की काही हायड्रॉक्सिल गटांच्या जागी नवे गट बसतात, साखळ्यांमधली पकड सैल होते आणि पदार्थ थंड पाण्यात विरघळू लागतो. ऑक्सिजनच्या एका अणूने दोन कार्बन अणू जोडणाऱ्या बंधाला इथर बंध म्हणतात. नवे गट या बंधाने जोडलेले असतात एवढाच या पदार्थाच्या ‘सेल्युलोज इथर’ या नावाचा अर्थ असून, पूर्वी भूल देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इथर या द्रवाशी या भुकटीचा संबंध नाही. तिला निव्वळ नैसर्गिक म्हणणेही बरोबर नाही. वनस्पतीचा सांगाडा आणि कारखान्यातील रासायनिक बदल यांतून घडलेला हा अर्धसंश्लेषित पदार्थ आहे.

बांधकामात रुजलेला सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे ही भुकटी गोंदाचे काम करते. टाइलच्या कोरड्या मिश्रणात तिचे प्रमाण वजनाच्या साधारण 0.2 ते 0.5 टक्के असते आणि एवढ्या अल्प प्रमाणात ती टाइलचे वजन पेलू शकत नाही. टाइलला कायमची पकड मिळते ती सिमेंट आणि पाणी यांच्या अभिक्रियेतून तयार होणाऱ्या स्फटिकमय संरचनेमुळे आणि बहुतेक मिश्रणांत त्यासाठीच घातलेल्या वेगळ्या पॉलिमर भुकटीमुळे. सेल्युलोज इथर ही अभिक्रिया पूर्ण होईपर्यंत पाणी जागेवर राखते. विटांची किंवा हलक्या ब्लॉकची भिंत पाणी झपाट्याने शोषते, उन्हाने वरचा थर सुकतो आणि तीन-चार मिलिमीटरच्या थरातले पाणी असे निघून गेले की सिमेंट अर्धवट अभिक्रिया होऊन पिठूळ राहते. विरघळलेल्या लांब साखळ्या पाण्याला दाटपणा देतात, त्यामुळे ते भिंतीत सावकाश झिरपते आणि दातेरी थापीने ओढलेल्या रेघा टाइल बसवेपर्यंत ओल्या राहतात. अशा मिश्रणांसाठीच्या युरोपीय मानकात म्हणूनच मिश्रण पसरल्यानंतर वीस मिनिटांनी टाइल बसवून चाचणी घेतात आणि त्यानंतरही चौरस मिलिमीटरला किमान 0.5 न्यूटन ताण सहन होणे अपेक्षित असते. कामावर याची सोपी तपासणी करता येते : नुकतीच बसवलेली एखादी टाइल उचलून पाहिली असता तिच्या पाठीवर ओले मिश्रण सर्वत्र लागलेले दिसले पाहिजे, पाठ कोरी निघाली, तर पसरलेल्या थरावर साय धरली होती असे समजावे आणि वरून पाणी शिंपडून काम न रेटता तो थर खरवडून काढावा.

टाइल आदल्या रात्री पाण्यात भिजवण्याची गवंड्यांची जुनी रीत साध्या सिमेंट-वाळूच्या मसाल्यासाठी योग्यच होती, कारण त्या मसाल्यात पाणी राखणारे काहीच नसे. तयार मिश्रणाच्या बाबतीत मात्र भिजलेल्या टाइलच्या पाठीवरचा पाण्याचा पापुद्रा पकड कमी करतो. मिश्रण कालवल्यावर पाच-दहा मिनिटे ठेवून पुन्हा ढवळण्याची सूचनाही वेळकाढूपणा मानून टाळली जाते. वास्तविक तेवढ्या अवधीत भुकटी पूर्ण विरघळते. तिचे प्रमाण वाढवले की काम अधिक मजबूत होते, हेही खरे नाही, कारण जादा भुकटीमुळे मिश्रणात हवेचे बुडबुडे अडकतात, सिमेंट उशिरा आवळते आणि अंतिम ताकद घटते. शिवाय एचपीएमसीचे द्रावण तापवल्यावर पातळ होण्याऐवजी एका ठरावीक तापमानाला गोठून जेलीसारखे होते आणि त्या तापमानाच्या जवळ जाताना त्याची पाणी राखण्याची क्षमता उतरते, म्हणून विदर्भातल्या मे महिन्यात उन्हाने तापलेल्या भिंतीवर हिवाळ्यात उत्तम ठरलेले मिश्रणही दगा देऊ शकते.

औषधी प्रकार आणि बांधकामाचा प्रकार यांचा रासायनिक सांगाडा एकच असला, तरी त्यांचा व्यवहारातील दर्जा वेगळा असतो. बांधकामाच्या भुकटीवर ती गुठळ्या न होता सावकाश विरघळावी म्हणून काही वेळा ग्लायॉक्सालची प्रक्रिया केलेली असते आणि तिच्यात इतर घट्टकारकही मिसळलेले असतात, तर औषधी भुकटीला अभिक्रियेतून उरलेली उपद्रव्ये, जड धातू आणि सूक्ष्मजीव यांच्या औषधसंहितेतील कठोर मर्यादा पाळाव्या लागतात. त्यामुळे एकाची जागा दुसऱ्याने घेणे कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही. योग्य दर्जाची भुकटी मात्र सुरक्षित मानली जाते; अन्नपदार्थांतही ती ई 464 या क्रमांकाने वापरली जाते, कारण माणसाची पाचकद्रव्ये तिची साखळी तोडू शकत नाहीत आणि ती जवळजवळ सगळी न शोषली जाता शरीराबाहेर पडते.

औषधी प्रकारांतही दाटपणानुसार मोठा फरक असतो. 20 अंश सेल्सियसला पाण्याचा दाटपणा 1 मिलिपास्कल-सेकंद मानला, तर गोळीवर पातळ आवरण चढवण्यासाठी 2 टक्के द्रावणाचा दाटपणा 3 ते 15 असलेली भुकटी पुरते, आणि औषध तासन्‌तास सुटत राहावे यासाठी 4,000 ते 1,00,000 दाटपणाची लागते. भिंतीत पाणी बाहेर जाऊ न देणारी हीच साखळी गोळीत पाणी आत येण्याचा वेग आवरते : गोळीचा पृष्ठभाग ओला होताच त्यावर जेलीचा थर धरतो आणि औषध त्या थरातून हळूहळू बाहेर येते. अशी गोळी चावली किंवा कुटली, तर हा थर नीट तयार होत नाही आणि दिवसभराची मात्रा थोड्या वेळात रक्तात उतरू शकते. मेटफॉर्मिनच्या अशा गोळ्या घेणाऱ्यांना कधी शौचात गोळीच्या आकाराचा मऊ गोळा दिसतो आणि औषध लागू पडलेच नाही असे वाटते. प्रत्यक्षात तो औषध सुटून गेल्यावर उरलेला जेलीचा सांगाडा असतो आणि केवळ तो दिसला म्हणून दुसरी गोळी घेणे धोक्याचे आहे.

शाकाहारी कॅप्सूलमधले औषध अधिक गुणकारी असते, ही समजूतही टिकत नाही. जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेल्या जिलेटिनच्या कवचात साधारण 13 ते 16 टक्के ओलावा असतो आणि एचपीएमसीच्या कवचात तो बराच कमी असतो, त्यामुळे दमटपणाने बिघडणाऱ्या औषधाला दुसरे कवच मानवते. बाकी निवड आहार आणि श्रद्धा यांची आहे.

निरुपद्रवी पदार्थ शरीरात कुठेही राहिला तरी हरकत नाही, हा गैरसमज मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या उदाहरणाने सहज दूर होतो. भारतात या शस्त्रक्रियेत एचपीएमसीचे 2 टक्के द्रावण मोठ्या प्रमाणावर वापरले जाते, कारण डोळ्याच्या पुढच्या पोकळीत ते जागा राखते आणि पारपटलाच्या आतील नाजूक पेशींचे उपकरणांपासून रक्षण करते. तरीही कृत्रिम भिंग बसवल्यावर शल्यविशारद ते धुऊन काढतात, कारण मागे राहिलेले दाट द्रावण डोळ्यातील द्रव वाहून नेणाऱ्या सूक्ष्म जाळीत अडकते आणि शस्त्रक्रियेनंतरच्या काही तासांत डोळ्याचा दाब वाढवते.