पानिपतचा समीक्षक, ‘पानिपत’चे प्रेक्षक

आशुतोष गोवारीकरांचा ‘पानिपत’ ६ डिसेंबर २०१९ रोजी लागला. त्याचा निकाल मात्र महिनाभर आधीच, ट्रेलर आला तेव्हाच लागून गेला होता. अर्जुन कपूरचा सदाशिवरावभाऊ म्हणजे रणवीर सिंगच्या बाजीरावाची पडछाया, असा शिक्का दोन-तीन मिनिटांच्या तुकड्यावरून बसला. चहाच्या टपरीवर, ऑफिसच्या जेवणाच्या डब्यांभोवती, घरगुती ग्रुपांवर जो तो परीक्षक झाला. ट्रेलरमधला मस्तानीचा उल्लेख तिच्या वंशजांना खटकला, त्यांनी नोटीस पाठवली. ‘पानिपत’कार विश्वास पाटील आपल्या कादंबरीतलं साहित्य उचलल्याचा आरोप करून न्यायालयात गेले. अफगाणिस्तानात अब्दाली हा राष्ट्रपुरुष, म्हणून तिथून चिंतेचा सूर आला. प्रदर्शनानंतर राजस्थानात जाट समाज महाराजा सूरजमल यांच्या चित्रणावरून रस्त्यावर उतरला, जयपूरच्या एका चित्रपटगृहाची मोडतोड झाली, काही ठिकाणी खेळ बंद पडले, आणि शेवटी निर्मात्यांनी आक्षेपार्ह ठरलेली दृश्यं कापली.

एवढ्या गदारोळात एक साधा प्रश्न फार कमी लोकांनी विचारला: सिनेमा कसा आहे?

सिनेमाच्या चर्चेचा आढावा घ्यायचा तर मला पानिपतपासूनच सुरुवात करावीशी वाटते. लढाईच्या नव्हे, गावाच्या पानिपतपासून. मराठी माणूस तिथे जातो तो गावाबाहेरच्या काला अंबचं स्मारक पाहायला. हात जोडतो, फोटो काढतो आणि कुरुक्षेत्राकडे निघतो. गावात शिरत नाही. शिरला तर बू अली शाह कलंदर यांच्या दर्ग्याच्या आवारात त्याला एका शायराची कबर दिसेल. अल्ताफ हुसैन हाली, जन्म १८३७, गालिबचे शिष्य आणि चरित्रकार. १८९३ साली आलेल्या त्यांच्या ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’पासून आधुनिक उर्दू समीक्षेची सुरुवात मानतात. साचेबंद, खोट्या अलंकारांनी लगडलेल्या शायरीला त्यांनी कारणं देऊन झोडपलं. ज्या शायरीत ते स्वतः वाढले होते तिलाच.

या हालींचा पणतू ७ जून १९१४ रोजी पानिपतात जन्मला: ख्वाजा अहमद अब्बास. अलीगढहून वकिलीची पदवी घेऊन १९३५ साली तो मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये बातमीदार म्हणून लागला आणि पुढे सिनेमाची परीक्षणं लिहू लागला. त्या काळी बहुतेक वृत्तपत्रांतली परीक्षणं म्हणजे जाहिरातीचीच धाकटी बहीण. कोणी काम केलं, गाणी किती, पोशाख किती झगमगीत, आणि शेवटी ‘सहकुटुंब पाहावा’ ही शिफारस. अब्बासनी ही रीत मोडली. वाईटाला वाईट म्हटलं, का वाईट ते सांगितलं आणि चांगलं दिसलं तर हातचं न राखता लिहिलं. त्यांच्या आवडीच्या यादीत आपलं प्रभात फार वर होतं. शांतारामबापूंचा १९३९ सालचा ‘माणूस’, हिंदीत ‘आदमी’, त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला आणि त्याच्यावर पुन्हा पुन्हा लिहिलं.

‘माणूस’ हे निवडीचं उदाहरण म्हणून मला फार बोलकं वाटतं, कारण तो सिनेमा स्वतःच एक वाद होता. १९३५ साली प्रमथेश बरुआंच्या ‘देवदास’नं देशभरच्या तरुणांना दारूच्या पेल्यात प्रेमभंग बुडवायला शिकवलं होतं. ‘माणूस’ त्याला दिलेलं उत्तर आहे. शाहू मोडकांचा हवालदार गणपत आणि शांता हुबळीकरांची मैना यांचं प्रेम तडीस जात नाही. पण मोडून पडलेल्या गणपतला सिनेमा मरू देत नाही, कामाला लावतो. एका सिनेमाशी दुसऱ्या सिनेमानं घातलेला हा वाद अब्बासना दिसला, त्याचं मोल कळलं. नुसत्या ‘मस्त आहे’, ‘बोअर आहे’मध्ये अशी गोष्ट कधी सापडत नाही.

याच मुंबईत दुसऱ्या टोकाला बाबूराव पटेल होते. पालघरजवळच्या मासवणचे. एप्रिल १९३५ मध्ये त्यांनी ‘फिल्मइंडिया’ सुरू केलं. त्यांची लेखणी म्हणजे चाबूक. कधी योग्य पाठीवर बसायचा, कधी भलत्याच. नटीच्या दिसण्यावर, निर्मात्याच्या जातकुळीवर ते घसरायचे, आणि ते आज वाचवत नाही. पण वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं त्यांचं सदर म्हणजे देशभरातल्या सिनेमावेड्यांचा कट्टाच होता. कुठल्या तरी तालुक्याच्या गावचा पोरगा पोस्टकार्डावर बाबूरावांना डिवचायचा आणि बाबूराव त्याला दोन ओळींत आडवा करायचे. मासिक हातोहात जायचं ते बरंचसं या झोंबाझोंबीमुळे.

‘फिल्मइंडिया’च्याच पानांवर १९३९ साली अब्बासनी महात्मा गांधींना अनावृत पत्र लिहिलं. गांधीजींनी सिनेमाला जुगार, सट्टा यांच्या पंगतीत बसवलं होतं. पंचविशीतला हा पत्रकार गांधींना मानणारा, खादी वापरणारा. तरीही त्यानं आदर न सोडता सांगितलं की, हे माध्यम पाहून मग त्याबद्दल मत बनवा. गांधींचं मत काही बदललं नाही. १९४४ साली जुहूला त्यांना शोभना समर्थांची सीता असलेला ‘रामराज्य’ दाखवला गेला, तोही पूर्ण पाहिला नाही म्हणतात. तरी या पत्रानं एक मुद्दा नोंदवून ठेवला: न पाहता दिलेलं मत महात्म्याचं असलं तरी ते अपुरंच.

अब्बासांच्या शेऱ्यांनी पोळलेले चित्रपटवाले त्यांना म्हणायचे, एवढं कळतं तर स्वतः लिहून दाखवा. ते लिहू लागले. १९४१ साली बॉम्बे टॉकीजनं त्यांच्या कथेवर ‘नया संसार’ काढला, नायक अर्थातच पत्रकार. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर अब्बासनी पुस्तक लिहिलं आणि त्यावरून शांतारामबापूंनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ केला. त्याची पटकथा अब्बास आणि व्ही. पी. साठे यांची. पानिपतचा अब्बास आणि मराठी साठे ही जोडी पुढे ‘आवारा’ आणि ‘श्री ४२०’लाही होती, हे राज कपूरच्या चाहत्यांनाही सहसा आठवत नाही. त्याच १९४६ साली अब्बासनी बंगालच्या दुष्काळावर ‘धरती के लाल’ दिग्दर्शित केला. फाळणीत त्यांच्या कुटुंबाला पानिपत सोडावं लागलं. गाव तुटलं, तरी ‘लास्ट पेज’ हे त्यांचं सदर आधी ‘क्रॉनिकल’मध्ये, मग ‘ब्लिट्झ’मध्ये थेट १९८७ पर्यंत, मरेपर्यंत चाललं.

खरं सांगायचं तर दिग्दर्शक अब्बास समीक्षक अब्बासपेक्षा कमी पडले. ‘शहर और सपना’ला राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, ‘सात हिंदुस्थानी’नं गोवामुक्तीच्या कथेत अमिताभ बच्चनला पहिली संधी दिली. पण त्यांच्या सिनेमांत पात्रं पुष्कळदा अग्रलेख बोलतात. समीक्षक अब्बासच्या हाती हे सिनेमे लागले असते तर त्यांनी गय केली नसती. माझ्या लेखी यातच त्यांचा मोठेपणा आहे. ज्या तराजूत दुसऱ्याला तोललं त्याच तराजूत ते स्वतः चढले आणि वजन कमी भरलं तरी उतरून पळाले नाहीत.

सरकारशीही त्यांनी असाच तोंडावर वाद घातला. ‘चार शहर एक कहानी’ हा जेमतेम सोळा मिनिटांचा माहितीपट. चार महानगरांतली श्रीमंती आणि गरिबी शेजारी शेजारी ठेवणारा. सेन्सॉरनं मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्यं कापा म्हटलं. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीदरम्यान सरकारनं न कापता ‘यू’ प्रमाणपत्र द्यायची तयारी दाखवली, पण त्यांना स्वतःपुरती सूट नको होती, तत्त्वावर निकाल हवा होता. १९७० साली सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठानं पूर्वपरीक्षण घटनाबाह्य नाही असा निकाल दिला, म्हणजे अब्बास हरले. पण कलाकृती आणि अश्लीलता यांत नियमांनी फरक करायला हवा, हेही त्याच निकालात लिहिलं गेलं. चित्रपट सेन्सॉरचा वाद कोर्टात उभा राहतो तेव्हा आजही या निकालाचा दाखला निघतो.

मराठीत पाहून भांडायची ही रीत फिल्म सोसायट्यांनी जपली. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ निघालं, त्याचं ‘वास्तव रूपवाणी’ आलं, पुण्यात आशय फिल्म क्लब उभा राहिला, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तर १९६४ पासून होतंच. अरुण खोपकरांच्या ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’सारखं पुस्तक मराठीत निघालं ते या वातावरणात. तरी या मंडळींचा एक दोष सांगायलाच हवा. त्यांनी बर्गमनवर रात्री जागवल्या, पण दादा कोंडक्यांच्या रांगेतल्या माणसाशी बोलायचं टाळलं. पिटातला प्रेक्षक काय म्हणतो हे लिहून ठेवायला कोणाला सवड झाली नाही.

आता पुन्हा २०१९ कडे. ‘पानिपत’ पाहायला गेलेला मराठी प्रेक्षक कोरा नव्हताच. भाऊ हट्टी की दूरदर्शी, होळकरांनी नजीबाला पाठीशी का घातलं, बायकामुलं आणि यात्रेकरूंचा लबेदा बरोबर नेला कशाला, हे वाद आपण पिढ्यान्‌पिढ्या पंगतीत घातले आहेत. त्र्यं. शं. शेजवलकरांनी ‘पानिपत १७६१’ लिहून भाऊची बाजू भक्कम मांडली, विश्वास पाटलांच्या १९८८ च्या कादंबरीनं ती घरोघर नेली. जयंत नारळीकरांनी तर ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासरावाला वाचवून लढाईच जिंकून दिली. इतकं सगळं डोक्यात घेऊन गेलेल्या माणसाचं पडद्यावर लक्ष कसं लागणार? मध्यंतरात प्रत्येक जण आपापल्या पुस्तकाशी पडताळून पाहत होता.

माझं मत विचाराल तर सिनेमाचं बळ मोहिमेत आहे. उदगीरपासून निघालेली फौज, नद्या, रसद, थंडी, आटत चाललेला पैसा आणि दाणा हे गोवारीकरांना नीट उमगलंय. लढाई तलवारीनं नव्हे, पोटानं हरली जाते हे हिंदी पडद्यावर फार थोड्यांनी सांगितलं असेल. नवाब शाहचा इब्राहिमखान गारदी लक्षात राहतो. मल्हाररावांच्या भूमिकेतले रवींद्र महाजनी थोडकेच, पण भारदस्त. अर्जुन कपूर मात्र भाऊंचा हिशेबी, कारभारी कडवटपणा पकडू शकत नाही, आणि जवळपास तीन तासांच्या सिनेमाच्या मध्यावर गाण्यांची वाट आडवी येते. यावर कोणी माझ्याशी भांडलं तर मला आनंद आहे. पण त्या डिसेंबरात असं भांडायला माणूस मिळेना. परीक्षणांच्या मथळ्यांत ‘पानिपत’चं पानिपत झालं, ही एवढी कोटी जमली की काहींचं काम संपलं.

सूरजमलांच्या बाबतीत थोडं थांबायला हवं. सिनेमात ते मदतीच्या बदल्यात आग्र्याचा किल्ला मागतात, मिळत नाही म्हणून बाजूला होतात. इतिहास एवढा स्वस्त नाही. बुणगे आणि कुटुंबं मागे ठेवा, सडे राहून गनिमी काव्यानं लढा, हा त्यांचा सल्ला होता आणि तो मानला गेला नाही. १४ जानेवारी १७६१ नंतर जी भुकेली, जखमी, अर्धनग्न मराठी माणसं दक्षिणेकडे धावत सुटली त्यांना अन्न, वस्त्र, आसरा दिला तो सूरजमलांनीच. मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर जखमांनी वारला तोही त्यांच्याच मुलखात. म्हणजे जाटांचा आक्षेप मुळात खरा होता. मराठी चित्रपटरसिकांनी तो सर्वांत आधी उचलायला हवा होता, कारण उपकार आपल्या पूर्वजांवर झाले होते. आपल्यापैकी बहुतेक गप्प बसले. उलट ‘आमच्या सिनेमाला विरोध’ असा पवित्रा काहींनी घेतला. आणि ज्यांचा मुद्दा खरा होता त्यांनी काचा फोडून तो घालवला.

पडद्यावरच्या चित्रणावरून निदर्शनं करूच नयेत असं मी म्हणत नाही. १९३८ मध्ये ‘द ड्रम’ या ब्रिटिश सिनेमात हिंदुस्थानी माणसाची केलेली विटंबना पाहून मुंबईत निदर्शनं झाली, बाबूराव पटेलांनी ‘फिल्मइंडिया’तून रान उठवलं आणि सरकारला तो सिनेमा मागे घ्यावा लागला. ते योग्यच होतं. तिथे सिनेमामागे साम्राज्य उभं होतं आणि उत्तर द्यायला आपल्याकडे दुसरा मार्ग नव्हता. आज मार्ग पुष्कळ आहेत. आक्षेप लिहा, इतिहासाचे कागद पुढे ठेवा, सूरजमलांवर वेगळा सिनेमा काढा. पुण्यात २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’चे पहिल्या दिवसाचे काही खेळ बंद पाडून काशीबाईंचा मान वाढला नाही. ‘पिंगा’ गाणं त्या पेशवाईत बसतं का, हा प्रश्न मात्र रास्त होता आणि आजही आहे. त्याचं उत्तर कुलूप लावलेल्या चित्रपटगृहात मिळत नाही.

दर १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसं काला अंबला जातात. हरियाणातले रोड मराठाही येतात. मराठी सैनिकांचे वंशज असल्याचं ते अभिमानानं सांगतात. भाषणं होतात, घोषणा होतात. यंदा जाणार असाल तर परतताना अर्धा दिवस गावात काढा. हालींच्या कबरीपाशी थांबा आणि त्यांच्या पणतवाची आठवण काढा. मग घरी येऊन ‘माणूस’ आणि ‘पानिपत’ दोन्ही पाहा, पहिल्या पाटीपासून शेवटच्या नावापर्यंत. आणि या लेखातलं माझं कुठलं मत पटलं नाही तर संपादकांकडे खुशाल पत्र पाठवा. फक्त सिनेमा पाहून पाठवा.