विश्लेषण : भारताच्या रेशनचा गहू अमेरिकी अध्यक्षांच्या सहीसाठी का अडत होता?

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब असो वा मुंबई, साठच्या दशकात रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्यांना ‘लाल गहू’ आठवत असेल. तो अमेरिकेतून येत असे. तो रोखून धरणारे अध्यक्ष मात्र त्यांच्या देशात गरिबांचे कैवारी मानले जात. हे कसे?

लिंडन जॉन्सन यांनी देशात काय केले?

केनेडी यांच्या हत्येनंतर नोव्हेंबर १९६३ मध्ये जॉन्सन अध्यक्ष झाले. वंशभेदाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा १९६४ मध्ये आला. १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानातील अडथळे हटवणारा कायदा झाला. ज्येष्ठांसाठी ‘मेडिकेअर’ आणि गरिबांसाठी ‘मेडिकेड’ या आरोग्य योजनाही त्याच वर्षीच्या.

आणि देशाबाहेर?

मार्च १९६५ मध्ये अमेरिकेच्या लढाऊ तुकड्या व्हिएतनाममध्ये उतरल्या. १९६८ पर्यंत तिथे पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक होते. युद्धाच्या खर्चामुळे गरिबीविरोधी योजनांचा निधी आटला. मार्च १९६८ मध्ये जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याची घोषणा केली.

गव्हाचा यात काय संबंध?

‘पीएल-४८०’ या १९५४ च्या कायद्यानुसार भारताला रुपयांत पैसे देऊन अमेरिकी धान्य घेता येत होते. १९६५ मध्ये दीर्घ मुदतीचा करार संपला. त्यानंतर जॉन्सन थोडा-थोडाच गहू मंजूर करू लागले. भारताने शेतीकडे लक्ष द्यावे, हे एक कारण. व्हिएतनामवरील बॉम्बहल्ल्यांवर भारत करत असलेली टीका, हे दुसरे. १९६५ आणि १९६६ अशी सलग दोन वर्षे पावसाने दगा दिला होता. १९६६ मध्ये भारताला सुमारे एक कोटी टन धान्य आयात करावे लागले. जहाज उशिरा आले, की रेशनवर ताण येत असे.

यवतमाळचा धागा कुठे?

तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक याच जिल्ह्यातील, पुसद तालुक्यातील गहुलीचे. दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असे त्यांनी १९६५ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यासमोर जाहीर केले. त्यांचा भर होता संकरित ज्वारीवर. देशातील पहिले संकरित ज्वारी वाण ‘सीएसएच-१’ १९६४ मध्ये आले होते. गंमत म्हणजे त्याचे मादी वाण अमेरिकीच होते! तरीही १९७२ च्या दुष्काळात राज्याला पुन्हा बाहेरच्या धान्याचा आधार घ्यावा लागला. स्वयंपूर्णता एका घोषणेने आली नाही. बियाणे, सिंचन, हमीभाव आणि १९६५ मध्येच स्थापन झालेले भारतीय अन्न महामंडळ, या सगळ्यांतून ती हळूहळू उभी राहिली.

आज याचे महत्त्व काय?

अमेरिकी अध्यक्ष पुरोगामी की परंपरावादी, हे तिथला मतदार देशांतर्गत कायद्यांवरून ठरवतो. मेडिकेअरचा लाभ कळंबपर्यंत पोहोचला नाही. व्हिएतनामवरून आलेला राग मात्र गव्हाच्या जहाजांपर्यंत पोहोचला. वॉशिंग्टनमध्ये कोण निवडून आले, याइतकाच आपण कोणत्या वस्तूसाठी त्यांच्यावर अवलंबून आहोत, हा प्रश्नही म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.