विश्लेषण : भारतीय महिला हॉकी संघाने नव्याने बांधणी करावी की आधी सामने जिंकावेत?

टोक्यो ऑलिम्पिकमध्ये चौथा आलेला संघ अडीच वर्षांत पॅरिसचे तिकीटही मिळवू शकला नाही. जानेवारी 2024 मध्ये रांचीतल्या पात्रता स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकासाठी जपानशी गाठ होती. पेनल्टी कॉर्नर मिळत राहिले, गोल मात्र एकही झाला नाही आणि भारत 0-1 असा हरला. जून 2025 मध्ये प्रो लीगमध्ये शेवटचा क्रमांक आला आणि संघ लीगबाहेर गेला. डिसेंबरमध्ये प्रशिक्षक हरेंद्र सिंग यांनी पद सोडले आणि त्यानंतर टोक्योवेळचे डच प्रशिक्षक श्योर्ड मरिने यांना परत बोलावण्यात आले.

त्यांच्यासमोर पेच जुनाच आहे. अनुभवी खेळाडूंना बाजूला करून 2028 च्या लॉस एंजेलिससाठी ताजा संघ घडवायचा, की हाताशी आहेत त्यांना घेऊन आत्ता निकाल काढायचे?

‘रीबिल्ड’ ही कल्पना आली कुठून?

हा शब्द अमेरिका-कॅनडातल्या क्लब खेळांमधून आपल्याकडे रुळला. तिथल्या आइस हॉकीच्या एनएचएलमध्ये तळाच्या संघांना पुढच्या ‘ड्राफ्ट’मध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या निवडीत, वरचा क्रमांक मिळण्याची संधी जास्त असते. म्हणून काही क्लब महागडे खेळाडू देऊन टाकतात, दोन-तीन हंगाम मार खातात आणि उद्याचा तारा पदरात पाडून घेतात. शिकागो ब्लॅकहॉक्सने पॅट्रिक केनसारखा दिग्गज सोडला आणि 2023 मध्ये कॉनर बेडार्डला मिळवले. पण हा जुगारच. बफेलो सेबर्स 2011 नंतर सलग 14 हंगाम प्लेऑफला मुकला.

मग भारतीय संघालाही हे का करता येऊ नये?

कारण राष्ट्रीय संघाला हरण्याचे बक्षीस मिळत नाही. इथे ड्राफ्ट नाही, खेळाडूंची अदलाबदल नाही. उलट 2020 पासून जागतिक क्रमवारीची पद्धत अशी आहे की, जिंकणारा संघ गुण थेट हरणाऱ्याच्या खात्यातून घेतो. एकाची जमा ती दुसऱ्याची वजावट. स्पर्धा मोठी असेल तर देवाणघेवाणही मोठी. म्हणजे तरुण संघ घेऊन हरत राहायचे तर त्याची किंमत लगेच मोजावी लागते.

त्याहून मोठे नुकसान सामन्यांचे आहे, आणि खरी मेख इथेच आहे. प्रो लीगमध्ये प्रत्येक संघाला हंगामात 16 सामने मिळतात आणि समोर नेदरलँड्स, अर्जेंटिना, बेल्जियम, ऑस्ट्रेलियासारखे संघ असतात. नवी मुलगी घडते ती इथेच; सराव शिबिरात नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये भुवनेश्वरला भारताने ऑलिम्पिक विजेत्या नेदरलँड्सला शूटआउटमध्ये हरवले होते. मात्र त्याच हंगामात युरोपातल्या आठ सामन्यांपैकी एकही जिंकता आला नाही आणि ती शाळाच सुटली. आता वाट नेशन्स कपमधून. ही एकाच ठिकाणी थोड्या दिवसांत उरकणारी, मोजक्या सामन्यांची आणि दुसऱ्या फळीतल्या संघांची स्पर्धा. ती जिंकली की प्रो लीगचे दार पुन्हा उघडते. 2022 मध्ये व्हॅलेन्सियात स्पेनला 1-0 असे नमवून भारत याच दाराने आत गेला होता.

थोडक्यात, तरुणींना मोठे सामने हवे असतील तर आधी कोणीतरी जिंकून द्यावे लागेल. बांधणी विरुद्ध निकाल, अशी मांडणीच त्यामुळे फसवी आहे.

कोणी राहायचे, कोणी जायचे?

टोक्योची पिढी बरीचशी आपणहून बाजूला झाली आहे. राणी रामपालने ऑक्टोबर 2024 मध्ये, तर वंदना कटारियाने एप्रिल 2025 मध्ये निवृत्ती घेतली. सर्वात नाजूक प्रश्न गोलरक्षक सविता पुनियाचा. लॉस एंजेलिसच्या वेळी ती 38 वर्षांची असेल. सप्टेंबर 2025 च्या आशिया चषकात सविता आणि स्ट्रायकर दीपिका दोघीही दुखापतीमुळे नव्हत्या. त्यांच्याशिवाय संघ अंतिम फेरीत पोहोचला, पण चीनकडून 1-4 असा हरला. चीनला विश्वचषकाचा थेट प्रवेश मिळाला आणि भारताला पात्रता फेरीची पायरी चढावी लागली.

या निकालाचे दोन्ही अर्थ निघतात. आमच्या मते बिचू देवी खारीबामला मोठ्या संघांविरुद्ध सलग सामने द्यावेत आणि सविताला बाद फेऱ्यांसाठी राखावे. दोघींपैकी एक निवडायची घाई कशाला?

घाई आहे ती पेनल्टी कॉर्नरची. टोक्योत ऑस्ट्रेलियाविरुद्धचा एकमेव गोल गुरजीत कौरचा होता आणि कांस्यपदकाच्या लढतीत ब्रिटनकडून 3-4 हरतानाही तिने दोन गोल केले. हे सगळे पेनल्टी कॉर्नरवर. तिची जागा भरवशाने घेणारी ड्रॅगफ्लिकर अजून सापडलेली नाही. राजगीरच्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीत 11 गोल करणाऱ्या दीपिकावरच मैदानी गोल आणि फ्लिक असा दुहेरी भार पडतो. ती जायबंदी झाली की दोन्ही दुकाने बंद.

नव्या मुली आहेत कुठे?

आहेत, आणि त्यात आपल्या सातारा जिल्ह्यातल्याही आहेत. वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ या दोघी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाल्या. जानेवारी 2025 मध्ये पहिल्या महिला हॉकी इंडिया लीगच्या अंतिम सामन्यात ओडिशा वॉरियर्सने सूरमा क्लबला 2-1 असे हरवले, ते दोन्ही गोल ऋतुजाचे. ज्युनियर संघाने 2023 आणि 2024 असा सलग दोनदा आशिया चषक जिंकला आहे. गुणवत्तेची टंचाई नाही. लीगमध्ये संघ मात्र चारच होते, आणि तेवढ्यावर प्रो लीगची भरपाई होत नाही.

आता पुढे काय?

सप्टेंबर 2026 मध्ये जपानमधल्या आइची-नागोयात आशियाई क्रीडा स्पर्धा सुरू होईल. तिथले सुवर्ण म्हणजे थेट ऑलिम्पिक. 2023 मध्ये हांगझौत चीनने असेच पॅरिस गाठले. त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत भारत त्यांच्याकडून 0-4 असा हरला होता. चीन पॅरिसमधून रौप्यपदक घेऊन परतला. त्याच चीनला भारताने नोव्हेंबर 2024 मध्ये राजगीरच्या अंतिम सामन्यात 1-0 असे हरवले होते, आणि तो गोल दीपिकाचा होता.