खाऱ्या काठावरचा फाल्गुन

सकाळचे साडेसहा. लोणारच्या धारेवर दोन-तीन बाया गोमुखाखाली डोकं धरून उभ्या आहेत. फाल्गुन असला तरी पाणी अजून अंगावर काटा आणतं. मावशी ओंजळभर पिते, उरलेलं डोळ्यांना लावते आणि म्हणते, “चाल, उतरू. ऊन चढलं मंग खाली थांबता येत नाही.” होळी चार दिवसांवर आली आहे. ती मेहकरकडून खास यासाठीच आली आहे: पळस फुललेला असताना विवराच्या तळाशी असलेल्या कमळजा देवीचं दर्शन.

पायऱ्यांच्या तोंडाशी सगळं विवर एकदम समोर येतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत जवळजवळ १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. काळ्या बसाल्टमध्ये उल्केनं पाडलेला हा खड्डा ५२ हजार वर्षांचा की पावणेसहा लाख वर्षांचा, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. तळाशी हिरवट पाणी, त्याला फिकट चिखलाची किनार, मग झाडांची गर्द पट्टी, आणि तिच्यावर चारी अंगांनी पानं झडलेला करडा उतार. त्या उतारावर पळस. पळसाला वणवा म्हणायची आपली सवय आहे. इथून वरून मात्र तो जाळासारखा दिसत नाही, जुन्या गोधडीत जागोजागी घातलेल्या केशरी टाक्यांसारखा दिसतो. यातलं एकही झाड कुणी ओळीनं लावलेलं नाही. इतकी मोठी फुलबाग मी आजवर पाहिलेली नाही, आणि तिच्या मध्यावर पाणी आहे तेही खारं, समुद्रापासून सुमारे ४०० किलोमीटर आत.

आम्ही उतरू लागतो. पहिल्याच वळणावर एक पळस हाताशी येतो. अंगावर पान नाही. मखमली काळपट देठांतून वाकड्या चोचीसारख्या पाकळ्या बाहेर पडल्या आहेत. संस्कृतात याला किंशुक का म्हटलं असेल ते जवळून पाहिल्यावरच कळतं. वास शून्य. तरी सूर्यपक्ष्याची जोडी या फुलातून त्या फुलात घुसते आहे, साळुंक्यांचं भांडण चाललं आहे, आणि वरच्या फांदीवर एक वानर शांतपणे फुलं तोडून खातं आहे. अर्धी खातं, अर्धी खाली टाकतं. वाट केशरी झाली आहे. मावशी पाय टाकताना फुलं चुकवत चालते.

थोडं खाली काटेसावर. तिचा बहर ओसरत आलाय, पण मधूनमधून एखादं जाड लाल फूल धप्पकन पाचोळ्यात पडतं. कुठून तरी मोर ओरडतो. जुनी पडकी देवळं लागतात, मावशी प्रत्येकाच्या उंबऱ्याला हात लावते. मी झाडं बघत राहते, कारण इथे दर पन्नास-साठ पावलांवर झाडं बदलतात. पानझडीचं जंगल संपतं आणि एकदम गारवा येतो. विवराच्या भिंतीतून झिरपणारं गोडं पाणी या पट्ट्यात जमिनीला लागतं. इथे एके काळी शेतीसुद्धा होत असे. त्याच्याही खाली बाभळी. आणि बाभळींच्या पुढे काहीच नाही.

फूल नाही, गवताची काडी नाही. सडल्या अंड्यासारखा वास नाकात शिरतो. चिखलावर पांढरा पापुद्रा धरला आहे, पावलाखाली तो कुरकुरतो. चारी अंगांनी आलेलं पाणी या खड्ड्यातून बाहेर पडायला वाट नाही. ते उन्हानं उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. हजारो वर्षं हेच चाललं आहे. म्हणून या पाण्याचा सामू १० च्या घरात आहे. इथल्या क्षारांना लोकांनी नावं दिली होती: दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. काच आणि साबण करायला लागणारं सगळं इथे मिळतं, अशी नोंद अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त करून ठेवली आहे. लवणासुराची गोष्ट मावशीला पाठ आहे. दैत्यसूदन विष्णूनं त्या दैत्याला इथेच मारलं, म्हणून पाणी खारट, असं ती ठामपणे सांगते.

कमळजेच्या देवळाकडे वळतो आणि मावशी थबकते. “पाणी कुठवर आलं वं!” तिच्या लहानपणी ती देवळापुढच्या सासू-सुनेच्या विहिरीपर्यंत चालत जायची. अर्धं पाणी गोडं, अर्धं खारं, अशी ती विहीर. आज ती कुठे आहे हे बोटानं दाखवावं लागतं, वर सपाट पाणी आहे. काठची काही झाडं पाण्यात उभी राहून वाळली आहेत. मला भीती वाटते ती याची. २००० साली या विवराचं अभयारण्य झालं, २०२० साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत तळ्याचं नाव आलं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं, पाणी आटून क्षार वाढले आणि क्षारातच जगणारे सूक्ष्मजीव फोफावले म्हणून. या तळ्याचा जीव त्याच्या खारटपणात आहे. गोडं पाणी असंच चढत राहिलं तर ते जीव कुठे जातील? वरून पाहिलेल्या त्या पट्ट्या, खारी कडा, बाभळी, गारवा, पळस, या एकमेकींना धरून आहेत. सर्वांत आतली पुसली गेली तर बाकीच्यांचं काय होईल, याचा विचार केला की काठावर उभं राहवत नाही.

दर्शन घेऊन मावशी पायरीवर बसते. तिच्या मुठीत एक पडलेलं पळसाचं फूल आहे, वाटेत उचललेलं. ती उठून पाण्यापर्यंत जाते, तळवा भिजवते आणि त्यावर पाकळी चुरडते. आधी पिवळा डाग. बघता बघता तो नारिंगी होतो, गडद.

“आमची माय रंग उकळताना चिमूटभर पापडखार टाकायची,” ती म्हणते. “त्याच्याबिगर रंग फिकाच राह्यते.”

“मग होळीला फुलं नेऊ का इथली?”

“काहून? हे तिचं हाय.” चुरडलेली पाकळी ती देवळाच्या उंबऱ्यावर ठेवते आणि पदराला हात पुसते. “आपल्या धुऱ्यावर दोन पळस हायत ना. त्याईचीच फुलं घेऊ.”

ऊन विवराच्या पश्चिमेच्या भिंतीवरून आता पाण्यापर्यंत उतरलं आहे. आम्ही चढायला लागतो. मावशीच्या तळव्यावरचा डाग घामानं ओला झाला आहे, पण गेलेला नाही.