मे महिन्यातलं पर्शियन

पर्शियन मांजर घ्यायला दुकानात गेलं की तीन शब्द हमखास कानावर पडतात : ‘डॉल फेस’, ‘पंच फेस’ आणि ‘ट्रिपल कोट’. पहिले दोन नाकाचे, तिसरा केसांचा. ‘ट्रिपल कोट’ ऐकून चार पैसे जास्त मोजणाऱ्यांना सांगायला हवं, की वरचे राठ केस, मधले केस आणि आतली लव असे तीन प्रकार गल्लीतल्या मनीच्या अंगावरही असतात. पर्शियनचे लांब, एवढंच. आणि लांब केस म्हणजे रोजचा कंगवा. आई सातच्या एसटीनं कराडला, बाबा एमआयडीसीत, मुलं शाळेतून थेट क्लासला, अशा घरात तो कंगवा फिरवायचा कुणी? आठवडाभर राहिलं की काखेत, पोटाखाली गुंता बसतो आणि शेवटी तो भादरावाच लागतो.

नाकाचं प्रकरण याहून गंभीर. मांजराला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, म्हणजे नावापुरताच. बाकी भिस्त अंग चाटून ओलं करण्यावर आणि फारच तापलं तर धापा टाकण्यावर. ‘पंच फेस’च्या चपट्या चेहऱ्यात श्वासाची वाटच अरुंद, त्यामुळे धापाही पुरत नाहीत. सांगलीत मे महिन्यात पारा चाळिशीला टेकलेला, दुपारी वीज गेलेली आणि घराला कुलूप. शिवाय या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. पीकेडी-१ या जनुकाची एक सदोष प्रत त्याला पुरते. आई-बापांपैकी एकात ती असली, तरी सरासरी निम्म्या पिल्लांत उतरते. तेव्हा पर्शियनच हवं असेल तर वंशावळीच्या कागदाआधी आई-बापाच्या जनुकचाचणीचा रिपोर्ट मागा.

जातीवरून स्वभाव कळतो का? थोडा कळतो. हेलसिंकी विद्यापीठानं २०१९ मध्ये ५,७२६ मांजरांची माहिती तपासली. कॉर्निश रेक्ससारख्या जाती चळवळ्या, ब्रिटिश शॉर्टहेअर सुस्त आणि माणसापासून अंतर राखून. तीन जातींचा हिशेब मांडला, तेव्हा स्वभावातल्या फरकाचा साधारण निम्मा वाटा आनुवंशिक निघाला. उरलेला वाटा परिस्थितीचा, आणि त्यातलं वाढवणं आपल्या हातातलं. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू माणसांच्या मांडीवर खेळलं असेल, तर ते पुढं माणसाळतं. म्हणून पिल्लू कुठल्या जातीचं यापेक्षा ते कुणाच्या घरात जन्मलं, हे आधी विचारावं.

जाती तशा कालपरवाच्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं ते १८७१ साली, आणि बहुतेक जाती त्यानंतरच घडल्या. माणूस आणि मांजर यांचा करार मात्र सुमारे दहा हजार वर्षांचा : पश्चिम आशियात शेती आली, कणगीमागे उंदीर आले, उंदरांमागे रानमांजर. त्याच करारातली आपली देशी मनी. आखूड केस, सरळ नाक, उन्हाची सवय. मला विचाराल तर नोकरदार घरानं वर्ष-दोन वर्षांची, नसबंदी झालेली देशी भाटीच आणावी. पिल्लूच हवं असेल तर दोन भावंडं एकदम, म्हणजे दिवसभर ती एकमेकांत रमतील. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला जागं असतं, दुपारभर झोपतं, त्यामुळे नोकरदारांशी त्याचं वेळापत्रक जुळतंच. फक्त दूध-चपातीवर भागवू नये. टॉरिन नावाचा घटक मांजराला मांस-मासळीतूनच मिळतो, आणि तो कमी पडला तर डोळे जातात आणि हृदय निकामी होतं.

आता ठिपक्यांची हौस. ‘बेंगॉल’ हा आशियाई बिबटमांजराशी केलेला संकर, आणि बंद फ्लॅटमध्ये त्याची ताकद पडद्यांवर निघते. पण ऊसतोडीच्या दिवसांत सरीत ठिपक्यांची पिल्लं दिसली, तर ती बहुधा फुकटातली बेंगॉल नव्हेत. ती वाघाटीची असू शकतात. पूर्ण वाढूनही दीड किलोच्या आसपास भरणारं हे आशियातलं सर्वांत लहान रानमांजर, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित. पिल्लांना हात न लावता वनखात्याला १९२६ वर फोन करावा. अंधार पडला की बहुधा आई त्यांना न्यायला परत येते.